डोंगराच्या अर्ध्या वाटेवर

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)



मी शिरवळचा. पुण्याहून साताऱ्याकडे येताना नीरा नदी ओलांडली की सातारा जिल्ह्यातलं पहिलं मोठं गाव लागतं, ते आमचं. हल्ली लोक ते कारखान्यांमुळे आणि हमरस्त्यामुळे ओळखतात. पण नीरेकाठी एका जुन्या गढीचे अवशेष आहेत. तिचं नाव सुभानमंगळ. १६४८ साली शिवाजी महाराजांच्या माणसांनी कावजी मल्हारांच्या नेतृत्वाखाली ती आदिलशाही फौजेकडून घेतली. मला लहानपणापासून तिच्या लढाईपेक्षा तिच्या नावाचं अप्रूप. सुभान अरबी, मंगळ संस्कृत. दोन्ही शब्द एकमेकांना चिकटून साडेतीनशेहून जास्त वर्षं नांदताहेत आणि गावात कुणाला त्यात काही विशेष वाटत नाही. घेणाऱ्याच्या नावात मल्हार, ही आणखी एक गंमत.

आज मला मल्हाराच्या डोंगराबद्दल बोलायचं आहे. म्हणजे जेजुरीबद्दल. एका मुसलमानानं जेजुरीबद्दल काय बोलायचं, असं कुणाला वाटेल. त्याचं कारण शेवटी येईलच.

आमचं घराणं मणेरांचं. पिढ्यान्‌पिढ्या बांगड्या भरण्याचा धंदा. मी बी.ए. झालो, कविता करू लागलो, तरी गल्ल्यावर बसणं सुटलं नाही. माझ्या लहानपणी पौषी पौर्णिमेच्या आणि सोमवतीच्या जत्रेला अब्बा जेजुरीला पाल टाकायचे. शिरवळहून लोणंद, तिथून नीरा, वाल्हे करत एसटीनं जायचं. बांगड्यांच्या पेट्या टपावर. प्रत्येक खड्ड्याला अब्बा वर बघायचे, जणू टपातून त्यांना फुटलेल्या काचा दिसणार होत्या.

पाल गडाच्या पायथ्याशी. समोरून माणसांची रांग वर चढते आहे, उतरणारे हळदीनं पिवळे होऊन उतरताहेत, आणि मधूनच ‘येळकोट येळकोट जय मल्हार’ असा गजर उठतो. सोमवतीला देवाची पालखी कऱ्हेवर आंघोळीला निघाली की मग काही विचारू नका. खोबरं आणि भंडारा इतका उधळतात की आमच्या पेट्यांच्या फटींतही हळद जाऊन बसे. वर्षभर मग हिरव्या चुड्याच्या डझनातून पिवळी पूड पडत राही आणि शिरवळच्या गिऱ्हाइकांना कळे, हा माल जेजुरीला जाऊन आलेला आहे. काही बायका तोच मागून घ्यायच्या.

पण डोंगराची गोष्ट मला जेजुरीत कळली नाही. ती कळली धनगरांच्या वाड्यावर. दिवाळीनंतर फलटण-माणकडचे धनगर मेंढरं घेऊन पश्चिमेला निघत. आमच्या भागात ते शेतकऱ्याच्या रानात मेंढरं बसवत. रानाला खत मिळे, त्यांना धान्य. माझे आजोबा टोपली घेऊन त्यांच्या वाड्यावर जायचे, बायकांना बांगड्या भरायला. मी मागे मागे. बांगड्या भरून होईपर्यंत एक म्हातारा मला शेकोटीपाशी बसवून घ्यायचा.

त्यानं सांगितलेली गोष्ट अशी. नेवाशाच्या लिंगायत वाण्याची लेक म्हाळसा, तिच्याशी देवाचं लग्न पालीला लागलं. ही पाली आपल्याच जिल्ह्यातली, कराड तालुक्यातली. तिथं अजूनही दर पौषात ते लग्न लागतं. एकदा देव म्हाळसेशी सारीपाट खेळायला बसला आणि हरला. पैज होती बारा वर्षांच्या वनवासाची. म्हणून म्हणा किंवा धनगराची बाणाई आधीच मनात भरली होती म्हणून म्हणा, देव निघाला आणि वेश पालटून बाणाईच्या बापाकडे चाकरीला राहिला. मेंढरं धुवायला नदीवर नेली. धुता धुता दगडावर आपटून मारून टाकली. धनगर रडायला लागला. देव म्हणाला, उठवतो, पण लेक दे. भंडारा टाकला, मेंढरं उठली. इथं म्हातारा आपल्या मेंढरांकडे असं बघायचा, की तीही आत्ताच उठली असावीत.

देव बाणाईला घेऊन जेजुरीला आला. म्हाळसा संतापली. ही वाण्याची लेक, शाकाहारी, सोवळ्यातली. ती धनगरीण, मेंढरांत वाढलेली. रोज भांडण. शेवटी देवानं डोंगरच वाटून दिला. वरचा भाग म्हाळसेचा, अर्ध्या वाटेच्या खालचा बाणाईचा. आजही तुम्ही गड चढू लागलात की निम्म्यावर बाणाईचं देऊळ लागतं. म्हातारा म्हणायचा, “द्येव वर बसतो, पर ध्यान समदं खाली.” आणि बायका बांगड्या भरता भरता हसायच्या.

मला ही गोष्ट फार लवकर समजली, कारण आमच्या घरात मला दोन आया होत्या. बडी अम्मा आणि अम्मा. बडी अम्माला बारा वर्षं मूल झालं नाही, म्हणून अब्बांनी दुसरं लग्न केलं. असं त्या काळी आमच्यातच होई असं नाही, आसपासच्या वाड्यांतही सवती होत्या. पुढची खोली बडी अम्माची, मागची पडवी अम्माची. मी पडवीत जन्मलो आणि पुढच्या खोलीत वाढलो. दोघींत भांडण असं कधी झालं नाही. बोलणंही फारसं झालं नाही. मीठ संपलं तर एक जण माझ्याकरवी दुसरीला निरोप धाडायची. हे अंतर सहा पावलांचं. आमच्या घराचा डोंगर तेवढाच होता.

शाळेत एकदा गुरुजींनी औरंगजेबाची गोष्ट सांगितली. जेजुरीत ती अजून सांगतात. बादशहाची फौज देऊळ पाडायला आली, पहारी घातल्या, तेव्हा भिंतीतून भुंग्यांचं मोहोळ उठलं आणि फौज पळाली. मग बादशहानं देवाला रत्नं वाहिली. गुरुजींच्या मनात काही नव्हतं, चांगले होते ते. पण सगळा वर्ग वळून माझ्याकडे बघायला लागला. मी घरी येऊन बडी अम्माला विचारलं, आपल्याला भुंगे का चावत नाहीत जेजुरीला? ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता दखनीत म्हणाली, “भुंगे तोडने आए उनकू काटे. हमकू कायकू काटते? हम तो चूड्यां लेके जाते.”

पुढे कॉलेजात वाचायला लागलो तेव्हा कळलं, की बडी अम्माचं म्हणणं अभ्यासकांच्याही फार दूर नव्हतं. रा. चिं. ढेरे यांचं ‘खंडोबा’ हे पुस्तक १९६१ चं. जर्मन अभ्यासक गुंथर सोंथायमर धनगरांबरोबर रानोमाळ हिंडले, खंडोबाच्या मागावर त्यांनी अर्धं आयुष्य घातलं. १९९२ मध्ये ते गेले. या वाटेनं गेलं की दिसतं, की मुसलमान भक्त या देवाला मल्लूखान म्हणत, अजमतखान म्हणत. अजमत म्हणजे थोरवी. देव घोड्यावर बसलेल्या पठाणाच्या रूपात भेटतो, अशी समजूत. जेजुरीत देवाचा घोडा सांभाळण्याचं काम परंपरेनं मुसलमान घराण्याकडे. देवाच्या पाच बायका सांगतात: म्हाळसा वाणीण, बाणाई धनगरीण, रंभाई शिंपीण, फुलाई माळीण आणि चंदाई. या चंदाईला कुणी तेलीण म्हणतात, मुसलमान तिला आपली म्हणतात. म्हणजे गावगाड्यातल्या एकेका आळीची एकेक लेक देवाच्या घरात दिलेली. सोयरीक झाली की माणूस परका राहत नाही, एवढं साधं राजकारण त्यात आहे. राज्यकर्त्यांना खूश ठेवण्यासाठी काही गोष्टी मागाहून जोडल्या, असंही काही जण म्हणतात. असेलही. पण जोडणारा माणूस शहाणा होता, हे तरी मान्य करावं.

मला यातला सगळ्यात आवडता भाग मणी आणि मल्ल या दैत्यांचा आहे. ‘मल्हारी माहात्म्या’त त्यांची कथा येते. ऋषींना छळणारे हे दोघे भाऊ. देवानं सहा दिवस युद्ध केलं. चंपाषष्ठीला ते संपलं, म्हणून मार्गशीर्षातल्या त्या दिवशी वांग्याचं भरीत आणि बाजरीचा रोडगा करतात, चातुर्मासात सोडलेला कांदा पुन्हा ताटात येतो. मरताना मणीनं आपला पांढरा घोडा देवाला दिला आणि मागितलं काय, तर जिथं तू तिथं मलाही जागा दे. दिली. जेजुरीला मणीची मूर्ती आहे. मल्ल शेवटपर्यंत वाकडाच राहिला, त्याचं मस्तक पायरीशी ठेवलं, लोक त्यावर पाय देऊन जातात. पण तोही आहे तिथंच! डोंगरावरून कुणालाच पुरतं हाकलून दिलेलं नाही. जागा वर-खाली आहे, एवढंच.

या वर-खालीचं मी कौतुक करतो आहे असं नाही. याच डोंगराला लोकांनी नवसानं मुली वाहिल्या. मुरळी करून सोडलेल्या त्या पोरींचं पुढे काय होई, हे सांगायला नको. शिवराम जानबा कांबळे आणि विठ्ठल रामजी शिंदे यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी त्याविरुद्ध आवाज उठवला, १९३४ मध्ये मुंबई प्रांतात देवदासी प्रथेविरुद्ध कायदा झाला. अरुण कोलटकरांनी ‘जेजुरी’त या डोंगराला जे खट्याळ, कोरडे डोळे लावले, तेही मला हवेसे वाटतात. १९७६ चं ते इंग्रजी पुस्तक. पण कोलटकरांच्या डोक्यावर जेजुरीची काही बाकी नव्हती. माझ्या डोक्यावर होती, आणि मला ते ठाऊकच नव्हतं.

अब्बांनी जत्रेची पालं मी बारा वर्षांचा असताना बंद केली. पालाच्या जागेवरून वाद झाला, कुणी तरी काही तरी बोललं, अब्बा पेट्या आवरून निघाले ते निघालेच. मी कॉलेजात असताना, १९८८ मध्ये बडी अम्मा गेली. अब्बाही गेले. मग २०२३ च्या जानेवारीत एका रात्री अम्मानं मला जवळ बोलावलं. तिची ऐंशी जवळ आलेली. म्हणाली, “एक देणं राहिलंय.”

मला वाटलं, दुकानाचं असेल. ते नव्हतं. अब्बांचं दुसरं लग्न झाल्यावर पहिल्याच जत्रेत, अब्बा पालावर असताना बडी अम्मा एकटी निम्मा गड चढून गेली होती. बाणाईपाशी. म्हाळसेपर्यंत गेली नाही. तिनं बाणाईला सांगितलं, की माझ्या घरात नवी आलेली आहे तिची कूस उजव, पोर मोठं होऊन कमवायला लागलं की त्याच्या कमाईचा हिरवा चुडा तुला घालीन. मरणाच्या आधी तिनं हे अम्माला सांगितलं, आणि अम्मानं पस्तीस वर्षं पोटात ठेवलं.

“मला का नाही सांगितलंस?”

अम्मा बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “ती माझ्यासाठी बोलली होती. तुला कशाला सांगू?” आणि थोड्या वेळानं, “आता तिची भेट होईल. काय सांगू तिला?”

श्रोतेहो, त्या रात्री मला झोप लागली नाही. मी बाणाईची गोष्ट इतकी वर्षं सांगत आलो, की अर्धा डोंगर सवतीला देऊन भांडण मिटवलं. पण पहिली सवत स्वतः निम्मा चढ चढून दुसरीसाठी मागायला जाते, हे धनगराच्या गोष्टीत नव्हतं.

माझे एक मित्र मशिदीत इमाम आहेत. त्यांना विचारलं. त्यांनी सरळ सांगितलं, की अल्लाहखेरीज कुणाचा नवस आपल्यात धरत नाहीत. तो फेडायचंही बंधन नाही. त्यांचं उत्तर त्यांच्या जागी बरोबर होतं. मी ते अम्माला सांगितलं. ती म्हणाली, “मी दीनाचं विचारत नाही. बांगड्या देणं आहे.” आमच्या धंद्यात बांगडीची उधारी ठेवत नाहीत, विशेषतः बाईची.

त्या दिवसांत मी डोंगरांबद्दल बरंच वाचलं. आपण काही जगावेगळं करायला निघालो आहोत की काय, याची धास्ती असावी. श्रीलंकेत एक उंच शिखर आहे, श्रीपाद. वर दगडात पाऊल उमटलेलं आहे. बौद्ध म्हणतात बुद्धाचं, हिंदू म्हणतात शंकराचं, मुसलमान म्हणतात हजरत आदमचं. १३४४ मध्ये इब्न बतूता साखळ्या धरून ते चढला. चीनमध्ये ताओ पंथाचा थोर डोंगर म्हणजे ताइशान. सम्राट त्यावर चढून आभाळाला आणि धरतीला पूजा देत. पण शतकानुशतकं त्याच्या हजारो दगडी पायऱ्या घासल्या त्या बायकांनी. वर बीश्या नावाची देवी आहे. बाई तिच्यापाशी मूल मागते, तिथली मातीची बाहुली दोरा बांधून घरी नेते, आणि मूल झालं की बोललेलं फेडायला परत यावंच लागतं. हे वाचून मी पुस्तक मिटलं. सम्राट कशासाठी चढले ते इतिहासात येतं. बायका काय बोलून आल्या ते घरातल्या पडवीत राहतं. आणि आमच्याकडेही बीबी हाजरा तान्ह्या बाळाच्या पाण्यासाठी सफा आणि मरवा या टेकड्यांमध्ये धावलीच की. हजला जाणारा प्रत्येक जण आजही तिच्या पावलांवरून सात वेळा जातो.

फेब्रुवारीत एका मंगळवारी निघालो. रविवार हा देवाचा वार, गर्दी असते, म्हणून मंगळवार. आता कापूरहोळवरून सासवडकडे जाणारा रस्ता सोयीचा पडतो. चुडा मी माझ्या दुकानातलाच घेतला, पण आधी गल्ल्यात माझ्या खिशातले पैसे टाकले. अम्मानं तसं बजावलं होतं.

लोक नवलाख पायरी म्हणतात. खरं तर चारशेच्या आसपास भरतील. माझ्या गुडघ्यांना लोकांचंच म्हणणं पटलं. पुढे एक नवं जोडपं होतं. लग्नानंतर नवऱ्यानं बायकोला उचलून काही पायऱ्या चढायच्या, अशी रीत आहे. तो पोरगा किडकिडीत, ती चांगली अंगानं भरलेली. तिसऱ्या पायरीला तिनंच त्याच्या कानात काहीतरी सांगितलं आणि ती खाली उतरली.

बाणाईच्या देवळापाशी मी उंबऱ्याबाहेर थांबलो. नमस्काराला हात जोडले नाहीत. मला ते येत नाही आणि खोटं करायचं नव्हतं. पिशवीतून चुडा काढला. पुजाऱ्यांनी विचारलं, कुठलं गाव? शिरवळ. नाव काय सांगू देवीला? मी बडी अम्माचं नाव सांगितलं. ते क्षणभर थांबले. पुन्हा विचारलं. मी पुन्हा सांगितलं. माझ्या छातीत धडधडत होतं, ते चढामुळेच असं मला म्हणता येणार नाही. त्यांनी चुडा घेतला, मूर्तीकडे वळले आणि ते नाव मोठ्यानं, स्पष्ट उच्चारलं. “शिरवळकर” असं स्वतःच पुढे जोडलं. मग चिमूटभर भंडारा कागदात बांधून माझ्या हातात दिला आणि पुढच्या माणसाकडे बघितलं. एवढंच झालं.

मी वरही गेलो. इथं आलोच आहे तर बघून जाऊ, म्हणून. वर देवळाभोवती तटबंदी, आवारात भलंमोठं कासव, दीपमाळा. पलीकडे उंचावर कडेपठार, देवाचं जुनं ठाणं. म्हाताऱ्या भक्ताला तो चढ झेपेना म्हणून देव खालच्या टेकडीवर उतरून आला, असं सांगतात. कुणी तरी भंडारा उधळला, वारा माझ्याच बाजूचा होता. पांढरा सदरा घालून जेजुरीला जाऊ नये हे अब्बांनी मला चाळीस वर्षांपूर्वी शिकवलं होतं, आणि मी विसरलो होतो.

घरी पोचलो तेव्हा दिवे लागले होते. अम्मानं सदरा बघितला, काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी सुनेला बाजूला सारून तिनं स्वतः तो धुवायला घेतला. हळदीला साबण लागला की ती लाल होते, तसे सदऱ्यावर लाल डाग उमटले. तिनं तो उन्हात टाकला. हळदीचा डाग उन्हातच जातो.

सदरा दोरीवर नीट पसरत, माझ्याकडे पाठ ठेवूनच तिनं विचारलं, “माप बरोबर होतं का चुड्याचं?”

मी सांगितलं, बडी अम्माच्या हाताचं होतं तेच नेलं.

“मग बसला असंल,” ती म्हणाली.